मधुमेही मांजराच्या तपासण्या: डॉक्टरांसोबत कोणती, कधी आणि कशासाठी

दवाखान्यात मांजराची शुगर ३२० आली म्हणजे त्याला मधुमेह झालाच, असं लगेच म्हणता येत नाही. निरोगी मांजराची साखर साधारण ७० ते १५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. पण बास्केटमध्ये कोंबून आणलेल्या, शेजारच्या कुत्र्याच्या भुंकण्याने अंग चोरून बसलेल्या मांजराची तीच साखर थोड्या वेळात ३०० च्या वर जाऊ शकते. भीतीने ॲड्रेनलिन वाढतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. मांजरांच्या बाबतीत हे रोजचंच आहे.

म्हणून या आजारात लॅबचा आकडा एकटा वाचायचा नसतो. रक्त किती वाजता काढलं, त्याआधी मांजर काय खाऊन होतं, इन्सुलिन कधी दिलं होतं, ते किती बिथरलं होतं, हे शेजारी लिहिलेलं असेल तरच त्या आकड्याला अर्थ येतो. आणि यातली बरीचशी माहिती डॉक्टरांकडे नसतेच, ती तुमच्याकडे असते. खाली सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये दिले आहेत. तुमच्या लॅबचा रिपोर्ट मिलिमोल प्रति लिटरमध्ये येत असेल तर त्याला १८ ने गुणा.

पहिल्या भेटीआधी घरी काय करायचं

तीन-चार दिवस एक साधी वही ठेवा. पाणी मोजून भांड्यात ओता आणि २४ तासांनी उरलेलं मोजा. किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी जात असेल तर ते नक्कीच प्रमाणाबाहेर आहे. ओलं खाणं खाणारं मांजर मुळात कमी पाणी पितं, त्यामुळे ते एकदम भांड्याशी घुटमळायला लागलं तर आकडा लहान असला तरी लिहून ठेवा. घरात दोन-तीन मांजरं असतील तर कोण किती प्यायलं ते कळत नाही. अशा वेळी लिटर ट्रेमधल्या गोळ्यांचा आकार आणि संख्या पाहणं जास्त उपयोगी.

वजनासाठी लहान बाळांचा काटा घ्या. माणसांच्या काट्यावर मांजर कडेवर घेऊन उभं राहायचं आणि वजाबाकी करायची, ही पद्धत इथे चालत नाही. चार किलोच्या मांजराचं २०० ग्रॅम वजन घटणं म्हणजे शरीराचा ५ टक्के भाग जाणं, आणि साध्या काट्यावर एवढा फरक चुकीत जमा होतो.

मांजर मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालत असेल तर त्याचा छोटा व्हिडिओ काढा. जास्त साखरेने नसांवर परिणाम झाला की असं होतं, आणि दवाखान्यात टेबलावर दबकून बसलेलं मांजर चालून दाखवत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गेल्या काही महिन्यांतली औषधं. खाज, दमा किंवा हिरड्यांच्या सुजेसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल तर ते आवर्जून सांगा. काही स्टेरॉइडचा असर कित्येक आठवडे टिकतो, आणि साखर वाढण्यामागे नेमकं तेच कारण असू शकतं. इंजेक्शन दुसऱ्या दवाखान्यात झालं असेल तर तिथली फाइल मागवा.

पहिल्या तपासण्यांत काय काय हवं

मधुमेहाचं निदान तीन गोष्टी जुळल्यावर पक्कं होतं: लक्षणं, रक्तातली वाढलेली साखर आणि लघवीतली साखर. मांजराच्या रक्तातली साखर साधारण २५० ते २९० च्या पुढे गेली की मूत्रपिंडाला ती अडवता येत नाही आणि ती लघवीत उतरते. घाबरून वाढलेली साखर बराच वेळ टिकली तर तीसुद्धा थोडी लघवीत उतरू शकते. म्हणून शंका असेल तेव्हा घरी, शांत वातावरणात धरलेल्या लघवीची पट्टी जास्त विश्वासाची. ट्रेमध्ये पाणी न शोषणारे मणी टाकले की नमुना ड्रॉपरने उचलता येतो.

तरीही नक्की होत नसेल तर फ्रुक्टोसामिन. रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर ही तपासणी मोजते, त्यामुळे मागच्या एक ते तीन आठवड्यांची सरासरी कळते. दवाखान्यातल्या अर्ध्या तासाच्या भीतीने ती हलत नाही.

याखेरीज पहिल्याच वेळी रक्तपेशींची पूर्ण तपासणी, यकृत-मूत्रपिंड-क्षार यांचं पॅनेल, लघवीची संपूर्ण तपासणी आणि लघवीचं कल्चर (जंतू आहेत का ते वाढवून पाहणं) करून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. कल्चरला लोक फाटा देतात, कारण मांजर शू करताना ओरडत नाही. पण मधुमेही मांजरांत लघवीचा संसर्ग गुपचूप बसलेला असू शकतो आणि तो असेपर्यंत इन्सुलिन नीट लागू पडत नाही. कल्चरसाठी ट्रेमधली लघवी चालत नाही. डॉक्टर बारीक सुईने थेट मूत्राशयातून ती काढतात. त्यासाठी मूत्राशय थोडं भरलेलं लागतं, तेव्हा निघण्याच्या अगदी आधी मांजर ट्रेमध्ये जाऊन आलं असेल तर पोहोचल्यावर तसं सांगा.

मांजर सात-आठ वर्षांपुढचं असेल तर थायरॉइडची टी-४ तपासणीही जोडा. थायरॉइड वाढलेलं मांजरही भरपूर खातं, पाणी पितं आणि वाळत जातं. दोन्ही आजार एकत्र असणंही शक्य आहे.

खर्चाचा ताण असेल तर तो पहिल्याच भेटीत स्पष्ट बोला. "यातली कोणती तपासणी आजच्या उपचारात फरक पाडेल आणि कोणती महिनाभर थांबू शकते?" हा प्रश्न विचारायला संकोच नको. चांगले डॉक्टर त्यावर रागावत नाहीत, यादीला क्रम लावून देतात.

नमुना देण्याच्या दिवशी

उपाशी न्यायचं का, हे दर वेळी विचारा. ट्रायग्लिसराइडसारख्या (रक्तातल्या चरबीच्या) तपासण्यांसाठी उपाशी रक्त बरं, कारण खाल्ल्यानंतरचं दुधाळ सीरम (पेशी वेगळ्या केल्यावर उरणारा रक्ताचा द्रव) इतर आकडेही बिघडवतं. पण मांजर इन्सुलिनवर असेल तर न खाता पूर्ण डोस देणं धोक्याचं आहे. "उपाशी आणा" असं फोनवर कुणी सांगितलं तर "मग सकाळच्या इन्सुलिनचं काय करू?" हे त्याच फोनवर विचारून घ्या. उत्तर डॉक्टरांकडून आलं पाहिजे, अपॉइंटमेंट देणाऱ्याकडून नाही.

चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून न्या: शेवटचं खाणं किती वाजता आणि काय, इन्सुलिन किती युनिट आणि किती वाजता, चालू औषधं, आणि आजचं वागणं. फार घाबरणाऱ्या मांजराला आधी शांत करणारं औषध देता येईल का, तेही आदल्या दिवशीच विचारा.

नमुन्याच्या गुणवत्तेकडे आपण लक्ष देत नाही, पण आकडे तिथेही बिघडतात. नळीत तसंच पडून राहिलेल्या रक्तातल्या पेशी साखर खात राहतात, आणि तासागणिक आकडा उतरत जातो. म्हणून रक्त बाहेरच्या लॅबला जाणार असेल तर सीरम लगेच वेगळं करतात किंवा साखरेसाठी फ्लुओराइडची, म्हणजे पेशींना साखर खाऊ न देणारी, नळी वापरतात. "साखर इथेच मोजणार की बाहेर पाठवणार?" एवढं विचारलं तरी पुरे.

घरी ग्लुकोमीटर असेल तर तो सोबत न्या. रक्त काढलं की सिरिंजमधल्या त्याच रक्ताचा एक थेंब आपल्या मशीनवर तपासा आणि आकडा लिहून ठेवा. लॅबचा आकडा आला की आपलं मशीन किती आणि कुठल्या बाजूला चुकतं ते कळतं. माणसांची मशीनं मांजराच्या रक्तात बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी साखर दाखवतात. अल्फाट्रॅकसारखी मशीनं कुत्र्या-मांजरांच्या रक्तासाठीच बेतलेली असतात. कोणतंही वापरा, पण मधेच बदलू नका आणि डॉक्टरांना त्याचं नाव सांगून ठेवा. मांजराला रक्तक्षय असेल तर मशीन उलट जास्त साखर दाखवू शकतं.

रिपोर्ट हातात आल्यावर

आधी लाल रंगातले किंवा बाणाच्या खुणेचे आकडे पाहून घाबरायचं थांबवा. एएलटी आणि एएलपी ही यकृताची एन्झाइम्स थोडी वाढलेली असणं मधुमेही मांजरांत वारंवार दिसतं, आणि साखर आटोक्यात आली की ते बऱ्याचदा आपोआप उतरतं. बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) वाढलं असेल आणि मांजर खात नसेल तर मात्र गोष्ट वेगळी. यकृतात चरबी साचण्याचा आजार मांजरांत झपाट्याने वाढतो, तेव्हा त्याच दिवशी बोला.

मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन 'नॉर्मल' आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. ते स्नायूंतून येतं. वाळलेल्या मांजराचे स्नायूच कमी झालेले असतात, त्यामुळे मूत्रपिंड दमलेलं असूनही आकडा साळसूद दिसतो. एसडीएमए नावाची तपासणी स्नायूंवर तितकी अवलंबून नसते, म्हणून म्हाताऱ्या मांजरात दोन्ही शेजारी ठेवून वाचतात.

लघवीच्या रिपोर्टमध्ये साखरेच्या खालची ओळ पाहा: कीटोन. साखर वापरता न आल्याने शरीर चरबी जाळतं तेव्हा हे तयार होतात. मांजर खातंपितं असेल आणि कीटोन अगदी किंचित असतील तर डॉक्टर घरी पट्टीवर लक्ष ठेवायला सांगतील. मध्यम किंवा जास्त असतील, किंवा मांजर मलूल असेल, तर दाखल करण्याची वेळ आहे. एक अडचण लक्षात ठेवा: लघवीच्या पट्टीला कीटोनचा एकच प्रकार नीट दिसतो, आणि सर्वांत जास्त तयार होणारा बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट तिला दिसत नाही. म्हणून पट्टी कोरी आणि मांजर आजारी असेल, तर रक्तातल्या कीटोनची तपासणी मागा.

पोटॅशियम आणि फॉस्फरस यांवरही नजर टाका. इन्सुलिन दिल्यावर हे दोन्ही पेशींच्या आत जातात आणि रक्तात आणखी कमी होतात. आधीच कमी असतील तर दाखल मांजराचं रक्त दिवसातून अनेकदा तपासावं लागतं. बिल वाढतं म्हणून ही तपासणी वगळू नका.

इन्सुलिन सुरू झाल्यावर

आता खरं काम. इन्सुलिन सहसा १२ तासांनी, दिवसातून दोनदा दिलं जातं, आणि सुरुवात कमी मात्रेने होते. डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर साधारण १० ते १४ दिवसांनी कर्व्ह, म्हणजे दिवसभरातल्या साखरेचा आलेख, करतात. सकाळच्या खाण्या-इन्सुलिनआधी एक मोजणी आणि मग पुढच्या डोसपर्यंत दर दोन तासांनी एक. साखर १५० च्या खाली जायला लागली तर तासाला एक.

कर्व्हमध्ये दोन गोष्टी पाहायच्या: साखर सर्वांत खाली कुठे गेली आणि किती वेळाने गेली. तळ ८० ते १५० च्या दरम्यान यावा, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. तीन नमुने घेऊ.

समजा सकाळी आठपासून दर दोन तासांनी असे आकडे आले: ३३०, २८०, १९०, १२०, १५०, २४०, ३२०. दोन वाजता तळ १२० ला. डोस काम करतोय, असर बाराव्या तासापर्यंत पुरतोय. सकाळचे ३३० पाहून डोस वाढवण्याचा मोह होतो, पण वाढवला तर तळ आणखी खाली जाईल. मांजराचं वजन टिकून असेल आणि पाणी पिणं कमी झालं असेल तर बरेच डॉक्टर इथे हात लावत नाहीत.

दुसरं मांजर: ३८०, ३७०, ३५०, ३४०, ३५०, ३७०, ३९०. रेघ जवळजवळ सपाट. इथे डोस कमी असेल किंवा इन्सुलिन पोहोचतच नसेल. वाढवण्याआधी बाटली तपासायची, त्याबद्दल पुढे.

तिसरं: ३००, १४०, ६०, ११०, २८०, ३९०, ४२०. चार तासांत साखर ६० वर आपटली आणि मग उसळली. फक्त सकाळ-संध्याकाळच मोजणाऱ्याला ३०० आणि ४२० एवढंच दिसलं असतं आणि त्याने डोस वाढवला असता, तर इथे उत्तर बहुधा डोस कमी करण्यात आहे. कर्व्ह करायचा तो यासाठी.

दवाखान्यात दिवसभर ठेवून केलेल्या कर्व्हवर माझा फारसा विश्वास नाही. मांजर खात नाही, घाबरतं, आणि आकडे डोसचे कमी, भीतीचे जास्त असतात. घरी कान टोचून करा. कानाला कोमट फडकं अर्धा मिनिट लावा, कानामागे कापसाची घडी धरा, आणि कडेने जाणारी बारीक शीर व कानाची कड यांच्या मधल्या जागेत सुई टोचा. थेंब फुगला की पट्टी त्याला नुसती टेकवायची, ती स्वतःच ओढून घेते. मग काही सेकंद दाबून धरा आणि मांसाचा एक तुकडा द्या. आठवडाभरात मांजर पट्टीच्या डबीचा आवाज ऐकून स्वतःहून यायला लागलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

टोचणं जमत नसेल तर फ्रीस्टाइल लिब्रेसारखा सेन्सर. केस काढून तो पाठीवर किंवा छातीच्या बाजूला चिकटवतात. माणसांत तो १४ दिवस चालतो, मांजरं बऱ्याचदा आधीच उखडून टाकतात. तो रक्ताऐवजी त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे साखर वेगाने बदलत असताना थोडा मागे राहतो. खूप कमी आकडा दिसला आणि मांजर ठणठणीत असेल तर कानाच्या थेंबाने पडताळा. मांजर डुलत असेल तर पडताळणीत वेळ घालवू नका.

फ्रुक्टोसामिन तीन-चार आठवड्यांनी आणि पुढे तीन-चार महिन्यांनी करतात. दर वेळी एकाच लॅबकडून करा, कारण मर्यादा लॅबनुसार बदलतात. त्यावरून साखर एकंदरीत सुधारतेय का, ते कळतं. डोस किती करायचा, ते कळत नाही. वरच्या तिसऱ्या मांजराची सरासरी ठीकठाक दिसू शकते. थायरॉइड वाढलेलं असेल किंवा रक्तात प्रथिनं कमी असतील तर फ्रुक्टोसामिन खोटं कमी येतं. इन्सुलिनवरच्या मांजराचं फ्रुक्टोसामिन अगदी निरोगी मांजरासारखं किंवा त्याहून कमी आलं तर खूश होण्याआधी डॉक्टरांना फोन करा: एकतर साखर वारंवार फार खाली जातेय, नाहीतर मांजर इन्सुलिनशिवाय राहण्याच्या वाटेवर आहे.

शुगर ऐकतच नाही तेव्हा

महागड्या तपासण्यांआधी डॉक्टरांसमोर एक इंजेक्शन भरून आणि देऊन दाखवा. यू-४० (एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) इन्सुलिनला यू-४० चीच सिरिंज लागते; यू-१०० म्हणजे मिलिलिटरमध्ये १०० युनिट. ते यू-१०० च्या सिरिंजने त्याच रेघेपर्यंत भरलं तर मांजराला ठरलेल्या डोसच्या ४० टक्केच मिळतं. उलट गल्लत झाली तर अडीचपट जातं, आणि ते जिवावर बेतू शकतं. बाटली गोठली होती का, उन्हात राहिली होती का, उघडून किती दिवस झाले, हेही पाहा. खाण्यात कुणी गुपचूप कोरडे दाणे घालतंय का, तेही.

हे सगळं ठीक असेल तर पुढचा क्रम साधारण असा: दात आणि हिरड्या, लघवीचं कल्चर पुन्हा, टी-४, स्वादुपिंडाच्या सुजेसाठी मांजरांची लायपेज तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी. वजन घटत राहिलं तर बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी.

डोस किलोमागे दीड युनिटच्या वर गेला तरी साखर उतरत नसेल, किंवा साखर बेताल असूनही मांजराचं वजन वाढत असेल, तर आयजीएफ-१ या रक्ततपासणीबद्दल विचारा; वाढीच्या संप्रेरकाच्या प्रभावाने यकृतात बनणारं हे द्रव्य आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युइटरी ग्रंथीतून वाढीचं संप्रेरक जास्त सुटणारा ॲक्रोमेगली हा आजार मधुमेही मांजरांत समजतो तेवढा दुर्मीळ नाही. ही तपासणी इन्सुलिन सुरू होऊन सहा ते आठ आठवडे झाल्यावर करावी. इन्सुलिनच्या अभावी यकृत आयजीएफ-१ पुरेसं बनवत नाही, म्हणून घाईत केलेला रिपोर्ट खोटा दिलासा देतो.

इन्सुलिनऐवजी तोंडाने औषध चालू असेल तर

बेक्साग्लिफ्लोझिन आणि व्हेलाग्लिफ्लोझिन या औषधांना अमेरिकेत २०२२ आणि २०२३ मध्ये मांजरांसाठी मान्यता मिळाली. ही औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे लघवीत साखर दिसणं अपेक्षितच असतं आणि त्या पट्टीवरून नियंत्रण ठरत नाही. इथे डोळा ठेवायचा तो कीटोनवर. या औषधांवर रक्तातली साखर नॉर्मल असतानाही कीटोन धोक्याच्या पातळीला जाऊ शकतात. मांजराने खाणं सोडलं आणि मशीनवर साखर १४० दिसली, तर ती पाहून घरी थांबू नका. सुरुवातीच्या आठवड्यांत कीटोन कधी आणि कशाने तपासायचे, हे औषध घेतानाच लिहून घ्या.

लॅबची वाट पाहू नये अशा वेळा

मांजर लटपटतंय, थरथरतंय, नजर हरवल्यासारखी आहे किंवा झटका आला आहे, तर साखर ६० च्या खाली गेली असण्याची शक्यता मोठी. हिरड्यांना साखरेचा पाक किंवा मध चोळा आणि निघा. बेशुद्ध मांजराच्या तोंडात काही ओतू नका आणि झटका चालू असताना तोंडात बोट घालू नका. उलट्या, खाणं बंद, अंग गळालेलं, खोल श्वास, ही लक्षणं कीटोन वाढल्याची असू शकतात. हीसुद्धा तातडीच आहे, रविवार असला तरी. आणि इन्सुलिनच्या वेळी साखर १५० च्या आसपास किंवा खाली असेल तर डोस देण्याआधी फोन करा.

इन्सुलिन बंद झाल्यावर

लवकर निदान, कमी कर्बोदकांचं खाणं आणि नीट सांभाळलेली साखर यांमुळे काही मांजरांचं इन्सुलिन सुटतं. औषधाविना किमान चार आठवडे साखर नॉर्मल राहिली की त्याला रेमिशन म्हणतात. पहिले काही आठवडे घरी नियमित मोजणी ठेवा. नंतर महिन्यातून एक-दोनदा मोजणी, दर आठवड्याला वजन आणि डॉक्टर सांगतील तेव्हा फ्रुक्टोसामिन एवढं पुरतं. अशी मांजरं पुन्हा मधुमेही होऊ शकतात, तेव्हा मशीन आणि पट्ट्या फेकू नका, पट्ट्यांची मुदत मात्र पाहत राहा. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'मधुमेह, रेमिशन' असं लिहून ठेवा, म्हणजे पुढे कधी खाजेसाठी नव्या डॉक्टरांनी स्टेरॉइड काढलं तर ते सुई भरण्याआधी हे वाचतील.